एका पोटात दोन औषधं

माझ्या गळ्यात काहीतरी बिघडलंय हे डॉक्टरांच्या आधी माझ्या आईला कळलं होतं. फक्त तिनं त्याचं नाव आळस ठेवलं होतं. मुलगी झाल्यावर दोन वर्षांत माझं अंग जड झालं, केस फणीत यायला लागले आणि गोंडपिपरीच्या उन्हाळ्यात मला चादर लागायला लागली. आई म्हणायची, "नर्सबाई झाली न, आता घरचं काम कायले करंल?" मला संताप यायचा, पण उठून भांडायचंही त्राण नसायचं. शेवटी नागपूरला रक्त तपासलं तेव्हा समजलं की गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी काम करेनाशी झाली आहे. डॉक्टरांनी एक बारीक पांढरी गोळी लिहून दिली. रोज सकाळी, उपाशीपोटी, जन्मभर. हा 'जन्मभर' मी पेशंटांना किती सहज सांगायचे! स्वतःच्या वाट्याला आला तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले.

गोळीनं मी हळूहळू माणसात आले आणि तेवढ्यात बदलीचा कागद आला. भामरागडच्या बाजूचं, नदीपलीकडचं एक उपकेंद्र. गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून नुकताच वेगळा झाला होता आणि तिकडे जायला कोणी तयार नव्हतं, म्हणून मी. नवरा सिरोंच्याकडे शाळामास्तर होता. तिथे तो तेलुगूत भाजी घ्यायला शिकत होता आणि पत्रात त्याचंच कौतुक लिहीत होता. मुलगी साडेचार वर्षांची. तिला आईकडे गोंडपिपरीला ठेवायचं ठरलं, पण फक्त पावसाळ्यापुरतं. "दिवाळीत नदी उतरली की न्यायला येते, मग तू माझ्याजवळच," असं मी तिला सांगितलं होतं. आम्ही बौद्ध, घरी सण करत नव्हतो, पण दिवस मोजायला सण सगळ्यांनाच लागतात. पोळा, दसरा, दिवाळी. तिनं तीन बोटं धरली आणि गाडी सुटेपर्यंत ती तशीच माझ्यासमोर उभी धरून ठेवली.

उपकेंद्र म्हणजे कौलाच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत वजनकाटा आणि औषधांचं कपाट, मागच्या खोलीत माझी खाट, माझी ट्रंक आणि मी. आषाढात नदी चढली आणि रस्ता बंद झाला. तसा तो दरवर्षी होतो. गावातल्या लोकांनी मीठ-तेल आधीच भरून ठेवलं होतं, कोणाच्या तोंडावरची रेषही हलली नाही. मी मात्र रोज सकाळी घाटावर जाऊन पाणी बघायचे, जणू माझ्या बघण्यानं ते खाली जाणार होतं. चारी बाजूंनी हिरवं, वर काळं, समोर गढूळ. मला तिथे श्वास कमी पडायचा. आपल्याला कोणीतरी खोलीत घालून बाहेरून कडी लावली आहे, असं वाटायचं.

माझ्याशी मराठीत पोटभर बोलणारी तिथे एकच बाई होती, गावची दाई. झाडीपट्टीतून लग्न होऊन आलेली, पन्नाशीच्या पुढची, नावाड्याची बायको. तिचा नवरा डोंग्यातून माणसं आणि टपालाची पिशवी पलीकडे न्यायचा, पाणी परवानगी देईल तेव्हा. तिला मी बाळंतपणाचं सरकारी प्रशिक्षण दिलं होतं. ब्लेड उकळून घ्यायचं, हात साबणानं धुवायचे, नाळेला शेण-राख काही लावायचं नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमी बी हात धुतच होतो, बाई. तुमी सांगून राह्यल्या तर आता साबण लावतो." मला तिचा राग आला आणि ती आवडलीही.

तिनंच एक दिवस घाटावर मला हटकलं.

"तोंड काऊन उतरलं, बाई? जेवत नाई काय?"

मी तिला खरं सांगितलं. गोळी घेते, पण थकवा पुरता जात नाही. सकाळी उठले की पहिला विचार रडण्याचा येतो. मुलीची आठवण येते आणि ती आली तर तिचं करणं मला झेपेल की नाही याची भीती वाटते. गळ्याचा आजार तिला कळला नाही, पण बाकीचं सगळं कळलं. तिच्याकडे थकलेल्या बाईसाठी एक दवा होती. पांढऱ्या मुसळीच्या वाळवलेल्या मुळ्या, त्यात थोडी शतावरी, कुटून तांदळाच्या पेजेत कालवायची. बाळंतिणींना, फार दिवस तापानं पडलेल्यांना, नवरा गेलेल्या बायकांना ती हीच पेज द्यायची.

तिची एकच अट होती. दवा घरी न्यायची नाही. रोज सकाळी तिच्या दारात चालत यायचं, तिच्यासमोर बसून प्यायचं आणि भांडं धुऊन परत द्यायचं. "घरी देल्ली तर मानूस खाटीवरच बसून पेते," ती म्हणाली. मी हसले. मी हसायला नको होतं.

आता माझा मूर्खपणा सांगते. आमच्या आईचा एक नियम होता. एका पोटात दोन औषधं घालायची नाहीत, ती आत एकमेकांशी भांडतात आणि मार पोटाला बसतो. लहानपणी मला हिवताप आला होता तेव्हा सरकारी दवाखान्यातून कडू गोळ्या मिळाल्या. त्या हातात पडताच आईनं वैदूच्या काढ्याचं अख्खं मडकं अंगणात ओतून दिलं होतं. आमच्या घरातून छप्पन साली देव गेले, अंगारे गेले, नवस गेले. हा नियम मात्र कोणाच्या लक्षातच आला नाही, तो चुलीजवळ तसाच राहिला. आणि मी? मी नर्स होऊन तोच नियम गावोगाव वाटत फिरले. "सरकारी गोळी चालू आहे तोवर वैदूचं बंद," असं मी किती जणांना दरडावलं असेल. मग आता वैदूचं सुरू करायचं तर सरकारी बंद करायला नको का? मला हे अगदी प्रामाणिकपणाचं वाटलं. खरं सांगायचं तर मला त्या गोळीचा वीटही आला होता. तिच्यातून सुटायला मी कारणच शोधत होते.

दिवाळीपर्यंत पुरतील इतक्या गोळ्या मी बरोबर आणल्या होत्या. बाटली ट्रंकेत साड्यांच्या खाली ठेवून दिली आणि दुसऱ्या दिवसापासून पेज सुरू केली.

पहिले तीन आठवडे काय सुंदर गेले म्हणून सांगू! सकाळी उठायचे, छत्री घेऊन चिखल तुडवत घाटापर्यंत जायचे. पेज बेचव, किंचित चिकट, पण गरम. दाई मासे साफ करता करता गावातल्या सगळ्या भानगडी सांगायची. मी पोट धरून हसायचे. अंगात हुशारी आली. मी खोलीच्या भिंती सारवल्या. मुलीसाठी झबल्यासारखे दोन फ्रॉक शिवले. नवऱ्याला पत्रात लिहिलं की नागपूरच्या डॉक्टरला जे जमलं नाही ते नदीकाठच्या एका बाईनं केलं. ते पत्र टपालाच्या पिशवीत पडलं तेव्हा मी अगदी तोऱ्यात होते.

आज मला माहीत आहे की ती गोळी शरीरात बरेच दिवस मुरून राहते. बंद केली तरी आठवड्यांमागून आठवडे तिच्यावरच गाडी चालते आणि मग इतकी सावकाश थांबते की थांबल्याचं कळत नाही. त्या हुशारीत गोळीचा वाटा किती, रोजच्या चालण्याचा किती, दाईच्या गप्पांचा किती आणि मुळीचा किती, हे मला तेव्हाही कळत नव्हतं आणि आजही कळत नाही. कोणी मला छातीठोकपणे सांगायला लागलं की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते.

श्रावण अर्धा झाला आणि घाट लांब गेला. म्हणजे तो होता तिथेच, माझेच पाय मागे राहायला लागले. अर्ध्या वाटेत मोहाच्या झाडाखाली टेकायला लागायचं. मग एक दिवस गेले नाही. मग दोन दिवस. दाई बघायला आली, अट मोडली आणि मुळीची पूड पुडीत बांधून देऊन गेली. "एवढ्या पान्यात नोका येऊ," म्हणाली. मी खाटेवर बसून पेज प्यायले. तिनं सांगितलं होतं अगदी तसंच.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत. बाहेरून आठवतात, आतून नाहीत. आवाज घोगरा झाला होता. तोंड सुजलं होतं. बोलताना शब्द शोधावा लागायचा आणि सापडेपर्यंत समोरचा माणूस वाट बघत उभा असायचा. वजनकाट्यावर पोर ठेवलं की आकडा वाचायचे आणि रजिस्टर उघडेपर्यंत विसरायचे. थंडी वाजायची. रडूही येत नव्हतं आता, आणि तेच जास्त वाईट होतं. बाहेर पाऊस, आत मी, आणि माझ्याही आत आणखी एक मी, जिला हाक ऐकू येत होती पण ओ देता येत नव्हती. नदी उतरली असती तरी मी कुठे जाणार होते? खाटेवरून दारापर्यंत जायला मला दोनदा विचार करावा लागत होता.

ट्रंक खाटेखालीच होती. बाटली तिच्यात होती. मला एकदाही तिची आठवण झाली नाही, यावर कोणाचा विश्वास बसत नाही. मला वाटत होतं हा माझा खरा स्वभाव आहे. आई म्हणत होती तेच खरं, मी आळशीच आहे, आणि आता ते उघड झालं आहे.

पोळ्याच्या दोन-तीन दिवस आधी मी आईला पत्र लिहिलं. चारच ओळी, पण लिहायला पूर्ण दुपार गेली. 'पोरीला तिकडेच ठेव. तिथल्याच शाळेत नाव घाल. मला तिचं करणं जमणार नाही. तिला इकडे आणू नकोस.' लिहून झाल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. नावाडी दारावरून जात होता, त्याला हाक मारून पत्र दिलं. पाणी फार होतं. उतरलं की नेतो म्हणाला आणि डोंग्यातल्या पत्र्याच्या डब्यात ते घालून गेला.

पोळा झाल्यावर आठवड्याभरानं शेजारच्या टोल्यावर, पाच-सात घरांच्या वस्तीत, एक बाई अडली. पहिलटकरीण. सकाळीच दाईनं मला निरोप पाठवला, मग स्वतः आली. मी खाटेवर बसले होते. "येते, तुम्ही व्हा पुढे," म्हणाले. साडी बदलायला उठले, दारात आले, पावसात चार पावलं टाकली आणि परत फिरले. कशासाठी परत फिरले ते घरात आल्यावर आठवेना. तशीच ओल्या साडीत बसून राहिले.

दाईनं ते बाळंतपण एकटीनं केलं. ब्लेड उकळून, साबणानं हात धुऊन. दोघं सुखरूप राहिली, हे तिचे उपकार आणि माझं नशीब. दुपारी ती बाळाची नोंद सांगायला आली तेव्हा मी त्याच ओल्या साडीत कुडकुडत होते. ती रागानं आली होती, पण आधी तिनं माझा पदर चाचपून बघितला. कोरडं लुगडं द्यायला तिनं खाटेखालची ट्रंक ओढली, साड्या उपसल्या आणि बाटली हातात घेऊन उभी राहिली. हलवून पाहिली. बाटली भरलेली होती.

"ह्या कायच्या गोळ्या, बाई?"

मी सांगितलं.

"मंग खाऊन नाई राह्यल्या काय?"

"तुमची दवा चालू होती ना," मी म्हणाले. एवढं वाक्य जुळवायलाही मला वेळ लागला. "दोन औषधं एका पोटात भांडतात."

तिचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. तिच्यावर कोणी चोरीचा आळ घेतल्यासारखा तो झाला होता.

"मी तुमाले गोळी सोडा म्हटलं होतं काय? कवा म्हटलं? माही दवा थकल्या मानसाले उभं कराची हाये, बाई. तुमचा दवाखाना बंद कराची नाई." मग आवाज चढला. "तुमी आमाले शिकवता न, का दवा मधीच सोडाची नाई? मंग? सोताले काऊन नाई शिकवलं?"

तिनं पेल्यात पाणी आणलं, एक गोळी काढून माझ्या तळव्यावर ठेवली आणि मी गिळेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत बसली.

गोळी जाताना जशी सावकाश गेली होती तशीच सावकाश परत आली. दाई रोज यायची, कारण आता माझ्यावर तिचा विश्वास नव्हता. पहिले पंधरा दिवस काहीच फरक नाही. मग एका सकाळी मला चहाची तलफ आली आणि मी स्वतः उठून चूल पेटवली. दसऱ्याच्या आसपास मोहाच्या झाडाशी न थांबता घाटापर्यंत पोचले. आणि तिथे, पाण्याकडे बघत असताना, अचानक मला ते पत्र आठवलं. सगळं नाही, फक्त शेवटची ओळ. तिला इकडे आणू नकोस.

मधल्या काळात नदी सतत भरलेली होती, पत्र अजून डब्यातच असेल, ही एकच आशा. नावाडी डोंग्यातलं पाणी उपसत होता.

"भाऊ, माझं पत्र? पोळ्याच्या आधी दिलं होतं ते?"

"तवाच नेलं, बाई!" तो खुशीत म्हणाला. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पानी जरासक उतरलं होतं. बाकीचे नोको म्हनत होते. मी म्हटलं, बाईचं पत्र हाये, तब्येत बी बराबर नाई तिची, जरुरी असंल."

त्यानं माझ्यासाठी जीव धोक्यात घातला होता. बरं केलंत भाऊ, म्हणाले आणि तिथेच वाळूत बसले.

रस्ता सुरू झाल्याबरोबर मी रजा टाकून निघाले. डोंगा, मग जंगलातून चालत, मग आलापल्लीपर्यंत लाकडाच्या ट्रकमध्ये, पुढे एसटी. वाटेत सगळा वेळ मी आईशी मनात बोलत होते. तिला सांगेन, आजारी होते, डोकं ठिकाणावर नव्हतं, पत्र फाडून टाक. आई तापट आहे, पण समजून घेईल. पोरीला काय कळतंय, ती आली की गळ्यात पडेल.

एक गोष्ट माझ्या डोक्यातून साफ निसटली होती. आईला वाचता येत नव्हतं. आमच्या घरी पत्र आलं की शेजारची शिकलेली सून ओट्यावर बसून मोठ्यानं वाचून दाखवायची आणि आई नातीला मांडीवर घेऊन ऐकायची. तिच्या आईचं पत्र म्हणून मुद्दाम मांडीवर घेऊन.

मुलगी दारात होती. उंच झाली होती. अंगावर शाळेचा निळा फ्रॉक. मी हात पसरले तेव्हा ती पुढे आली नाही. आजीच्या लुगड्याला धरून उभी राहिली आणि तिनं मला विचारलं, रडत नाही, चिडत नाही, नुसतं विचारलं:

"आई, मिनं काय केलं होतं?"

मी तिला सगळं सांगितलं. गळ्यातली ग्रंथी, गोळी, मुळी, पेज. पाच वर्षंही पुरी न झालेल्या पोरीला थायरॉइड समजावून सांगणारी मी शहाणी! तिनं मान हलवली, गोळीची बाटली हातात घेऊन बघितली, माझ्या मांडीवरही बसली. पण माझी पेटी भरताना मी तिचे फ्रॉक घ्यायला लागले तेव्हा ती एकेक उचलून पुन्हा आजीच्या दोरीवर टाकू लागली. आई म्हणाली, "राहू दे औंदा. शाळा बी चालू हाये." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडून तरी घेतलं असतं. मी शिवलेले दोन फ्रॉक मी तिथे ठेवले. ते तिला आधीच आखूड झाले होते.

मी एकटी परतले. घाटावर दाई उभी होती. माझ्या मागून पाण्यातून आणखी कोणी येतंय का ते तिनं वाकून बघितलं.

"पोरगी?"

"पुढच्या वर्षी," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चालत तिच्या दारात गेले. चुलीवर पेज होती, मुळीची पूड घातलेली. मी भांड्याला हात लावला तसा तिनं माझा हात धरला.

"पयले तुमची दवा दाखवा."

मी पदराच्या गाठीतून गोळी सोडली आणि तिच्यासमोर पाण्याबरोबर गिळली. तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि आम्ही पेज जराशी निवेपर्यंत नदीकडे तोंड करून बसून राहिलो. नदी गुडघाभर झाली होती. कोणीही चालत ये-जा करू शकलं असतं. मी तीन बोटं धरली, पोळा, दसरा, दिवाळी, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.